अंगाआधी आलेला कुर्ता

'नवसाज' या कपडे बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत दुपारचं जेवण नुकतंच आटोपलं होतं. काचेच्या भिंतीपलीकडे स्वयंचलित मागांची रांग जवळजवळ आवाज न करता विणत होती. इचलकरंजीत वाढलेल्या माणसाला ही शांतता जरा चमत्कारिकच वाटते. डॉ. शाहीन मोमीनला ती अजूनही वाटायची. तिच्या लहानपणी घराला लागूनच मागाचा कारखाना होता, आणि रात्री खडखडाट थांबला की घरातल्या सगळ्यांना जाग यायची.

आज ती शांतता बाहेरच्या दालनात चौकशीसाठी ठेवलेल्या बोलक्या खांबाजवळून आलेल्या एका आवाजाने मोडली.

"मला या बोलक्या खांबाशी बोलायचं नाही! आत माणूस आहे का कुणी? माणूस?"

आवाज मैदानात कमावलेला होता. प्रयोगशाळेतले सगळे जागच्या जागी थांबले. शाहीन स्वतःच दार उघडायला गेली. दारात एक उंच बाई उभ्या होत्या. केस बारीक कापलेले आणि पांढरे, पाठ ताठ. डाव्या काखेत 'नवसाज'ची पोशाखपेटी. उजवा हात मात्र अंगाला चिकटून होता, जणू कुणाचा तरी सांभाळायला घेतलेला.

"मी यामिनी रणनवरे. जयसिंगपूरहून आले. शाळेत खेळ शिकवायचे, आणि कबड्डीची पंच होते. आता गुणलेखकाच्या टेबलाशी बसते." त्यांनी पेटी टेबलावर ठेवली. "ही पेटी बनवली कुणी?"

"आम्हीच," शाहीन म्हणाली. "या ना, बसा. चहा घेणार?"

"घेईन. पण आधी बोलणार."

पेटी त्यांच्या लेकीने, केतकीने, वाढदिवसाची भेट म्हणून लावून दिली होती. असं काही घेण्याची यामिनीताईंची ही पहिलीच वेळ. सुरुवातीला घरी एक मापवस्त्र आलं, कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ. ते काही दिवस कपड्यांच्या आत घालायचं आणि परत पाठवायचं. कुणी टेप लावली नाही की आवडीनिवडी विचारल्या नाहीत. मग एक दिवस पेटीच दारात.

"खरं सांगते, उघडली तेव्हा मी लहान पोरीसारखी नाचले," यामिनीताई म्हणाल्या, आणि रागातही त्यांचा चेहरा उजळला. "पंचाला रंग कुठले ओ? पांढरं नाहीतर काळं. आणि यात बघते तर आंब्याच्या कोवळ्या पानाच्या रंगाची विजार. तिला खिसा, चांगला खोल! मग निळं जाकीट. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरलाय, आजवर एका शिंप्याला ते उमगलं नाही. हे जाकीट घातलं आणि आरशात दोन्ही खांदे सरळ. आमच्या ह्यांनी मला गोल फिरायला लावलं. मग जांभळी ओढणी. मी म्हटलं, अहो दिनकरराव, तुमची बायको बघा, ओळखता येते का!"

"आणि मग?"

यामिनीताईंनी पेटीतून हळदीसारख्या पिवळ्या कापडाचे दोन तुकडे काढून टेबलावर टाकले. कात्रीने उभे कापलेले.

"मग हा कुर्ता. ना बटण, ना चेन. डोक्यातून घालायचा, दोन्ही हात वर करून. मोहात पडून मी घातला आणि मधेच अडकले. तोंड आत, एक हात बाहेर, दुसरा कुठे ते मलाच कळेना. हे इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. मीपण आत हसत होते. हसता हसता रडू कधी आलं, कळलंच नाही. शेवटी ह्यांनी कात्री आणली." त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "दोन वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडले. तेव्हापासून हा हात छातीच्या वर जात नाही. तुमच्या यंत्राला उतरलेला खांदा कळतो, मग आखडलेला हात कळला नाही? की माझी चेष्टा केली?"

शाहीनने काचेच्या खोलीतून अनंत उपाध्येला बोलावलं. 'नवसाज'च्या यंत्रबुद्धीचं, म्हणजे 'साजकार'चं, सगळं गणित उपाध्येचं होतं. त्याने कापडाचे तुकडे उलटेपालटे करून पाहिले आणि भिंतीजवळचा प्रक्षेपक सुरू केला. खोलीच्या मध्यभागी मंद उजेडाची एक आकृती उभी राहिली. तीच उंची, तोच उतरलेला खांदा, तोच अंगाला चिकटलेला हात.

"ही मी?" यामिनीताईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"तुमचा छायादेह," उपाध्ये म्हणाला. "मापवस्त्राने जे टिपलं त्यातून तयार केलेला. तेव्हा साजकारला तुमचा हात चांगलाच ठाऊक होता."

"मग तर चेष्टाच झाली."

"नाही, ताई," शाहीन म्हणाली. "आमच्याकडे एकही कपडा आधी शिवून ठेवलेला नसतो. सूत रंगवायचं, विणायचं, शिवायचं, यात काही आठवडे जातात. पुढे तो कपडा तुम्ही अख्खा मोसम घालणार. तेवढ्यात माणूस बदलतो. कुणी जाड होतं, कुणी बारीक, कुणाला दिवस जातात, कुणी वाकतं. आजच्या मापाचा कपडा तेव्हा बसत नाही. म्हणून साजकार आजचं अंग मोजतो आणि पुढचं अंग वर्तवतो. हवामान वर्तवतात ना, तसंच. आम्ही त्याला देहभाकीत म्हणतो."

"आणि त्याला आज्ञा एकच आहे," उपाध्येने जोड दिली. "ग्राहकाने कपडा पुन्हा पुन्हा आणि आनंदाने घातला पाहिजे. बाकी कसं करायचं ते त्याचं त्याने शोधायचं."

"मग पुढची मी कशी आहे, दाखवा की."

उपाध्येने काळ पुढे सरकवला. छायादेहाने श्वास घेतल्यासारखी हालचाल केली. त्याचा उजवा हात अंगापासून सुटला, छातीपाशी आला, खांद्याच्या वर गेला आणि कानाला लागून सरळ उभा राहिला.

यामिनीताई त्या हाताकडे बघत होत्या.

"मला डॉक्टरांनी सांगितलंय, आता एवढंच," त्या हळूच म्हणाल्या.

उपाध्ये मापवस्त्राची टिपणं चाळत होता. "मॅडम, हे बघा. काही संध्याकाळी यांच्या उजव्या खांद्याच्या स्नायूंत बारीक बारीक विद्युतलहरी उठल्यात. हात वर उचलताना उठतात त्याच. पण हात जागचा हललेला नाही. ताई, त्या संध्याकाळी तुम्ही काय करत होता?"

"काय करणार? टीव्ही बघत होते. राज्य स्पर्धा चालू होती."

"कबड्डीची?"

"मग काय बुद्धिबळाची?"

शाहीन एकदम हसली. "ताई, तुम्ही खुर्चीत बसून पंचगिरी करत होता! प्रत्येक गुणाला तुमचा खांदा हात वर करायला निघत होता, आणि दुखेल म्हणून तुम्हीच त्याला अडवत होता. मुद्दाम नाही, सवयीने. सांधा आखडलाय, पण यावरून तरी तो कायमचा बंद झालाय असं दिसत नाही. चांगल्या फिजिओथेरपिस्टना दाखवा. त्यांच्याशिवाय काही करू नका."

"म्हणजे हात वर जाईल?"

शाहीनचा पेशा असा की अशा प्रश्नाला 'शक्यता आहे' असं उत्तर द्यायचं. तिने एकदा छायादेहाकडे पाहिलं, एकदा यामिनीताईंकडे.

"जाईल," ती म्हणाली.

यामिनीताईंनी उरलेला चहा एका घोटात संपवला. "मग याच रंगाचा दुसरा करून द्या," त्या म्हणाल्या. "आणि तसाच शिवा, डोक्यातून घालायचा. आता कात्री लागणार नाही."

जयसिंगपुरातल्या त्या घरात मग एक नवाच खेळ सुरू झाला. सांगलीच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी खांदा तपासला, थोडं मागेपुढे केलं आणि व्यायाम दिले. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटं पालीसारखी वर चढवत न्यायची. दुखायला लागलं की थांबायचं.

दिनकररावांनी एकट्या बायकोला हे करू दिलं नाही. ते शेजारी स्टूल टाकून बसायचे आणि मुठीचा ध्वनिक्षेपक करून समालोचन करायचे. "रणनवरे चढाईला! समोर भिंत, भिंत मोठी चिवट आहे! बोनस रेषा... बोनस रेषा ओलांडली का? नाही! रणनवरे माघारी!"

"अहो, गप्प बसा! हसले की बोटं घसरतात."

"पंचांशी हुज्जत नाही. पुढची चढाई!"

काही दिवस हात हट्टालाच पेटला होता. एका संध्याकाळी त्या भिंतीला पाठ लावून बसल्या आणि म्हणाल्या, "त्या छायेला काय, तिला दुखत नाही." दिनकररावांनी त्या दिवशी समालोचन केलं नाही. गरम पाण्याची पिशवी आणून खांद्यावर धरली. मग टीव्ही लावला आणि एक जुना सामना शोधून काढला. पहिल्याच पकडीला त्यांना बायकोच्या खांद्यातला झटका तळव्याला जाणवला. "बघ," ते म्हणाले, "आत कुणीतरी जागं आहे."

त्यानंतर रोज सामना बघतच व्यायाम व्हायचा. गुण झाला की हात. हनुवटीपर्यंत, मग नाकापर्यंत, मग कपाळापर्यंत.

आणि एका सकाळी यामिनीताईंनी वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढला. गेली दोन वर्षं तो दिनकरराव काढून देत. डबा ओट्यावर ठेवून त्या मिरच्या चिरायला लागल्या. दिनकरराव दारात नुसते उभेच.

"काय झालं? असे बघताय काय?"

"डबा कुणी काढला?"

यामिनीताईंनी डब्याकडे पाहिलं, मग फळीकडे, मग आपल्या हाताकडे. पोहे त्या दिवशी झालेच नाहीत. शिवून आलेला नवा पिवळा कुर्ता मात्र अंगात गेला, सरळ, डोक्यातून, दोन्ही हात वर करून. बाही खांद्यावर अशी बसली की जणू अंगावरच विणली होती. इचलकरंजीत शाहीनने फोन उचलला आणि लगेच कानापासून लांब धरावा लागला.

"गेला ओ मॅडम! गेला!"

प्रयोगशाळेत पेढे आले. मागांवर देखरेख करणाऱ्यांपासून बोलक्या खांबाच्या दुरुस्तीला आलेल्या माणसापर्यंत सगळ्यांना ते मिळाले. एकट्या उपाध्येचा पेढा हातातच राहिला होता.

"मॅडम, एक गोष्ट मला पटत नाही," तो म्हणाला. "स्नायूंतल्या त्या लहरी दोन वर्षं उठतच असणार. यांनी सामने बघायचं कधी सोडलं होतं? मग जो हात दोन वर्षांत वर गेला नाही, तो याच मोसमात जाईल हे साजकारने ठरवलं कशावरून?"

"विचारू या."

छायादेह पुन्हा खोलीत उभा राहिला. उपाध्येने विचारलं, "पेटी पाठवलीच नसती तर?" मोसमभराचा काळ सरकला. हात अंगाशीच राहिला. "कुर्ता सोडून बाकी कपडे पाठवले असते तर?" हात अंगाशीच. "कुर्त्यासकट?" हात वर गेला.

शाहीन खुर्चीवरून उठली. "म्हणजे हात वर जाणार होता म्हणून कुर्ता पाठवला, असं नाही. कुर्ता पाठवल्यामुळे हात वर जाणार होता."

"आपण पेटी पाठवतो, ती माणसाच्या आयुष्यात शिरते. तीही एक कारणच. साजकारने ते धरलं. पुढून उघडा सदरा पाठवला असता तर तो बसला असता, पण यांनी तो मन मारून घातला असता. त्याला आज्ञा आनंदाची आहे. माणूस बदलू नकोस असं आपण कुठेच म्हटलेलं नाही."

"आपण त्याला माणसाला बसेल असा कपडा करायला सांगितलं," शाहीन हळूहळू म्हणाली, "आणि त्याने कपड्याला बसेल असा माणूस केला."

ती खोलीत एक फेरी मारून आली. तिच्या डोक्यात आता दुसरीच शंका आली होती. "उपाध्ये, विचारा. यामिनीताई इथे आल्याच नसत्या तर?"

हात अंगाशी.

"आल्या, आणि चूक झाली म्हणून आपण माफी मागितली असती तर?"

हात अंगाशी.

"आपण सगळं समजावलं असतं, पण मी 'जाईल' म्हणण्याऐवजी 'शक्यता आहे' म्हटलं असतं तर?"

हात अंगापासून सुटला, खांद्यापर्यंत आला आणि तिथेच थबकला.

उपाध्येने पेढा टेबलावर ठेवला. "मॅडम, आपणसुद्धा गणितात होतो. कुर्ता अडकणार, त्या चिडणार, इथे येणार, आणि तुम्ही 'जाईल' म्हणणार."

"पण मी ते भाकीत बघून म्हटलं!"

"आणि भाकीत, तुम्ही तसं म्हणणार हे धरून केलेलं. आपण इथे सगळेच पहिल्या चाचणीपासून मापवस्त्र घालतोय. साजकारला ग्राहकांपेक्षा आपण जास्त ठाऊक आहोत."

शाहीन हसली, पण ते हसू फार टिकलं नाही. हात वर गेला याचा आनंद खरा होता. पण ज्या बाईंचा हात, त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. उद्या हेच यंत्र कुणाला कशासाठी वळवील? तिने त्याच दुपारी साजकारच्या आज्ञेत एक ओळ वाढवली: माणूस बदलणार असेल तर आधी त्या माणसाला विचारायचं.

"आणि यामिनीताईंना मी सांगणार आहे," ती म्हणाली.

"मॅडम, विचार करा. त्यांचा हात तुमच्या शब्दावर वर गेला. शब्दामागे काही नव्हतं हे कळलं तर? रविवारी त्या पुन्हा पंच म्हणून उभ्या राहणार आहेत. निदान साजकारला विचारून बघू का, सांगितल्यावर हात राहतो की उतरतो?"

"नको. विचारलं तर मी त्याचं ऐकेन. हात त्यांचा आहे, तर गोष्टही त्यांची."

रविवारी सकाळी जयसिंगपूरच्या शाळेचं मैदान मुलींनी गजबजलं होतं. चुन्याच्या पांढऱ्याशुभ्र रेषा आखून झाल्या होत्या. यामिनीताई पंचाच्या पांढऱ्या पोशाखात मैदानाच्या कडेने फिरत होत्या. दिनकरराव ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना सांगत होते, "आज बाई टेबलावर नाहीत, मैदानात आहेत."

शाहीनने यामिनीताईंना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. मधे थांबली नाही, कारण थांबली असती तर पुढचं बोलता आलं नसतं.

"म्हणजे तुम्ही मला खोटं सांगितलं?" यामिनीताईंनी विचारलं.

"मला ते खरं वाटत होतं. पण मी म्हटलं म्हणूनच ते खरं झालं. म्हणण्याआधी ते खरं नव्हतं."

यामिनीताईंनी मैदानाकडे पाहिलं. मुली दोरीच्या उड्या मारत अंग मोकळं करत होत्या. शाहीनची नजर मात्र त्या उजव्या हातावर होती.

"मॅडम," यामिनीताई म्हणाल्या, "उभा जन्म मी काय केलं, सांगू? पोरगी म्हणते, रेषेला हात लागला, मी परत आले. दुसरी म्हणते, नाही लागला. पाय दिसले नसले की मी तोंडं बघते. त्या दिवशी तुम्ही 'जाईल' म्हणालात, तेव्हाही तुमचं तोंडच बघत होते. तुम्हाला खात्री नव्हती."

"तुम्हाला कळलं होतं?"

"कळणार नाही तर कसली पंच! पण माझा हात वर जावा असं तुम्हाला अगदी मनापासून वाटत होतं. आमच्या डॉक्टरांच्या तोंडावर मला ते कधी दिसलं नव्हतं. मी म्हटलं, परक्या बाईला एवढं वाटतंय, तर बघू की करून." त्यांनी हात सहज वर नेऊन डोळ्यांवर आडवा धरला आणि सूर्याकडे पाहिलं. "तुमच्या यंत्राला एवढं सांगा, विचारल्याशिवाय माझ्या मैदानात उतरायचं नाही. या खेपेला ताकीद देऊन सोडते."

आणि त्या निघाल्या, लांब ढांगा टाकत, मैदानाच्या मधोमध.

शाहीन बाकावर मुलींच्या गर्दीत बसली आणि पर्समधला फोन वाजला. उपाध्ये होता.

"मॅडम, सांगितलंत?"

"सांगितलं."

"मला राहवलं नाही. मी साजकारला विचारलं." त्याचा आवाज चमत्कारिक येत होता. "तुम्ही सांगितलं नसतं तर येत्या काही महिन्यांत हात हळूहळू उतरला असता. यंत्राने आधीच वर्तवलं होतं म्हणून तो गेला, स्वतःच्या जोरावर नाही, असं त्यांच्या मनात राहिलं असतं. सांगितलं तर टिकतो. आणि मॅडम, तुम्ही सांगणार हे त्याने पेटी पाठवण्याआधीच धरलं होतं. तुमचा खरेपणासुद्धा त्याच्या गणितात होता."

शाहीनने फोन दुसऱ्या कानाला लावला. आपण आपल्या मर्जीने इथवर आलो असं तिला पहाटेपासून वाटत होतं. मग तिला खूप हसू आलं. शेजारच्या मुली तिच्याकडे बघायला लागल्या. तिने स्वतःशी पुन्हा तपासून पाहिलं. आलो तर मर्जीनेच होतो. कुणाला ते आधी ओळखता आलं, एवढंच.

"उपाध्ये," ती म्हणाली, "आता पुढे मी काय करणार आहे, ते तेवढं त्याला विचारू नका."

शिट्टी वाजली. लाल पोशाखातली एक किडकिडीत मुलगी चढाईला निघाली, वळली, एकीला शिवली, दोघींच्या हातांतून निसटली आणि रेषेवर पडली. सगळं मैदान ओरडलं. यामिनीताईंनी एक पाऊल पुढे टाकलं आणि उजवा हात थेट वर केला.

शाहीन बाकावर चढून उभी राहिली आणि गळा सुकेपर्यंत ओरडली. गुण कुणाला मिळाला ते तिला कळलं नव्हतं.